लाल ठिपक्याचा नळ

२ डिसेंबर १९५७, सोमवार

स्वयंपाकघरातल्या गरम नळाला आज सकाळी पाणीच नाही. लाल ठिपक्याचा तो. शेजारचा थंड पाण्याचा नळ नेहमीसारखा धो धो.

हे रेल्वेतून रिटायर झाल्यावर चिंचवडला बंगला बांधला, तेव्हा मी एकच हट्ट धरला होता. मोरीवर गरम पाण्याचा नळ. पाचगणीला कॉन्व्हेंटमध्ये आम्हा मुलींना आंघोळ थंडगार पाण्याची, पण सिस्टरांच्या किचनमध्ये गरम नळ होता. ताप आला की तिथे नेऊन बसवत. वाफेला पाव आणि साबण यांचा मिळून एक वास यायचा. अजून येतो कधी कधी, डोळे मिटले की.

गवराबाई भांडी घासायला लागली तेव्हा मी तिला शब्द दिला होता की आमच्याकडे हिवाळ्यात गार पाण्यात हात घालावा लागणार नाही. तिची बोटे थंडीने तडकतात, रक्त येते. शब्द म्हणजे शब्द.

नळ मी स्वतः दुरुस्त करणार. रविवारच्या आत.

३ डिसेंबर, मंगळवार

ह्यांना विचारले, फिटर बोलावू का? म्हणाले, फिटर कशाला, तो स्टेशनवरचा ज्योतीराम एक नळ धरायला येईल आणि भिंत पाडून जाईल. तू शिकलेली आहेस, तुलाच जमेल.

लग्नाला एवढी वर्षे झाली, पण असा विश्वास पहिल्यांदाच. स्वतः उठून पान्हा काढून दिला. मग आंघोळीला गेले. आत बराच वेळ गात होते. माणसाला बायकोचा अभिमान वाटला की असेच होते.

५ डिसेंबर, सकाळी

नळ खोलला!

शेजारच्या सुमनताईंनी बजावले होते, आधी पाणी बंद करा, नाहीतर फवारा थेट छताला. मी काहीही बंद केले नाही. वरचा भाग सबंध काढला, पण एक थेंब सांडला नाही. याला हाताची सफाई म्हणतात. सुमनताईंना मुद्दाम कुंपणापाशी बोलावून सांगितले. त्या म्हणाल्या, कमाल आहे बाई तुमची.

आतला चामड्याचा वायसर झिजलेला दिसला. ह्यांच्या जुन्या पंपशूच्या टाचेतून नवा कापला. बसवला. पाणी नाही.

दुपारी मात्र आले. कोमट. म्हणजे वायसर हळूहळू बसतो आहे.

६ डिसेंबर

वायसर अजून बसतोच आहे.

गवराबाई म्हणाली, "बाई, नळाचं ऱ्हाऊ द्या. स्टोवरनं येक तपेलं कढत पानी द्या, माजं भागतंय." मी तिला समजावले की तात्पुरता उपाय केला की मूळ दोष तसाच राहतो. शिवाय त्या वेळी स्टोव्हवर ह्यांचे अंडे असते.

तिला व्हॅसलीनची डबी दिली. अर्धी भरलेली होती.

८ डिसेंबर, रविवार

रविवार आला. पण मुदत घालताना मला विहिरीच्या पाण्यातल्या चुन्याची कल्पना नव्हती. दोष नळात नाहीच, पाइपात आहे. आत थर साचला असणार. तांब्याची भांडी चिंचेने निघतात, मग पाइप का निघू नये? चिंचेचा दाट कोळ केला आणि नळ उघडून फनेलने आत ओतला.

दुपारी नळाला आमटी आली.

हे जेवताना म्हणाले, गूळ राहिला. फार दिवसांनी विनोद केला ह्यांनी. नळाच्या निमित्ताने घरात पुन्हा गंमत येऊ लागली आहे.

११ डिसेंबर, बुधवार

गवराबाई काहीतरी भलतेच बोलली. पिंप्रीला औषधांचा नवा कारखाना झाला आहे, तिथे बाटल्या धुवायला बायका घेताहेत. तिची आकुर्डीची भावजय लागली सुद्धा. "तितं कढत पानी हाय बाई. नळ सोडला की भसकन येतं. आन हाताला काय बी व्हत न्हाई." मग भांडी पालथी घालत म्हणाली, "सोमवारपातूर बघते. न्हाई आलं पानी, तर मी बी जाते."

जाणार कुठे? ती घरचीच आहे. तिच्या नातीचे नाव मी सुचवले होते, मार्गारेट. त्यांनी मंगल ठेवले, पण म पासूनच ना.

तरी दुपारी झोप लागली नाही. ती सकाळी येते, दाराशी चपला काढते, "उठला का बाई?" म्हणते. दिवसभरात मला काहीतरी विचारणारे ते एकच वाक्य असते.

नळ सोमवारच्या आत. काहीही होवो.

१४ डिसेंबर, शनिवार

आले! आले! आले!

हे कालच तळेगावला मित्राकडे मुक्कामाला गेले. पाणी तापवायचा मागच्या पडवीतला बॉयलर रोज हेच पेटवतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. इंजिनियर माणूस. आज नाइलाजाने मी लाकडे घातली. आणि मोरीवर नळ सोडला तर कढत पाण्याची ही जाड धार!

पंपशूचे चामडे. त्याला मुरायला वेळ लागतो, एवढेच होते.

गवराबाई भांडी तशीच ठेवून दोन्ही हात धारेखाली धरून बसली. डोळे मिटले होते. मी साबण द्यायला गेले होते, तिथेच उभी राहिले. वाफ माझ्याही तोंडावर येत होती.

सुमनताईंना सांगितले. त्यांचाही एक नळ गळतो. बघते म्हटले, सवडीने.

१६ डिसेंबर, सोमवार

हे काल संध्याकाळी आले. आज सकाळी नळ कोरडा.

चामडे आकसले असावे. थंडी फार आहे.

गवराबाई मोरीत बसून हसायला लागली. म्हणाली, "बाई, सायब गावाला गेलं की नळाला पानी येतं. सायबांस्नी तळेगावलाच ठिवा की थोडं दिस." मी तिला रागावले. अशा अडाणी समजुतींनीच आपला देश मागे राहिला. ती म्हणाली, "व्हय बाई," आणि गार पाण्यात हात घातला. मग म्हणाली, "शुक्रवारपातूर थांबते. तुमच्यासाटी."

तुमच्यासाठी म्हणाली. लिहून ठेवते.

१८ डिसेंबर, बुधवार

बॉयलरपासून पाइप कुठून कसा येतो ते एकदा नीट पाहावे म्हणून पहाटे उठून पडवीत गेले. हे तिथेच होते. ड्रेसिंग गाऊन, कानाला मफलर. बॉयलरमधून दोन पाइप निघतात, एक न्हाणीघराला, एक स्वयंपाकघराला. स्वयंपाकघराच्या पाइपावर एक छोटे चाक आहे. हे ते चाक आवळत होते.

मी विचारले, काय करताय?

म्हणाले, बंद करतोय. आंघोळ झाली की उघडतो.

रोज?

रोज. ती बाई सगळे गरम पाणी भांड्यांवर ओतते, मला शेवटची बादली कोमट मिळते. भांडी गार पाण्याने निघतात, मी निघत नाही.

अगदी शांतपणे म्हणाले. चोरी पकडली गेल्यासारखे काहीच नव्हते. मी म्हटले, मग मी इतके दिवस नळ खोलत होते, चिंच ओतत होते, तेव्हा बोलला का नाहीत?

म्हणाले, "तुला काहीतरी करायला मिळालं होतं. खूश दिसत होतीस."

मग टॉवेल मागितला. दिला.

त्याच दिवशी, दुपारी

शांतपणे विचार केला. मी खूश आहे की नाही याकडे ह्यांचे लक्ष होते, हे तर खरेच. किती नवऱ्यांचे असते? आणि इंजिनियरला पाण्याचा हिशेब आपल्यापेक्षा जास्त कळणार.

पण गवराबाईचे हात. उद्या ह्यांच्याशी स्पष्ट बोलणार. फर्म, पण गोड आवाजात, जसे मदर सुपीरियर बोलत. गवराबाईची भांडी होईपर्यंत चाक उघडे राहील. बस. यात दुसरे काही ऐकून घेणार नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

सकाळी हे दोनदा शिंकले. आजारी माणसाशी वाद घालू नये.

हे पेपर आणायला फाटकाशी गेले तेव्हा पडवीत गेले. चाकाला हात लावला. सैलच होते, लहान मुलीनेही फिरवले असते. तेवढ्यात फाटक वाजले. मी तिथले फडके उचलून झटकले आणि आत आले. फडके खरेच मळले होते.

संध्याकाळी बोलायचे ठरवले. संध्याकाळी पाहुणे आले.

अजून उद्याची सकाळ आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार

गवराबाई आली. नळ फिरवला. थोडा वेळ तोंडाकडे बघत राहिली, नळाच्या नव्हे, माझ्या. न्हाणीघरात बादल्या वाजत होत्या. तिला कळले आहे असे मला वाटले. मला कळले आहे हेही तिला कळले असावे. मी म्हटले, पाइप बदलावा लागेल गं.

ती म्हणाली, "व्हय बाई. लई जुनं घर न्हवं तुमचं, तरी बी."

सगळी भांडी गार पाण्यात घासली. एरवीपेक्षा स्वच्छ. मोरी धुतली. निघताना मी तिला माझे लोकरीचे हातमोजे दिले, शाळेतले, निळे. तिने उलटसुलट करून पाहिले. म्हणाली, "मंगलला व्हतील." चपला घातल्या आणि गेली. वळून पाहिले नाही, कारण दारात ऊन डोळ्यांवर येते.

२१ डिसेंबर

भांडी मीच घासली. गार पाण्याने हातांना एक तरतरी येते.

२३ डिसेंबर, सोमवार

नवी बाई आली. कुशाबाई, चिखलीची. उंच, कमी बोलणारी. तिला घर दाखवले, डबे दाखवले, चहा दिला. ह्यांची आंघोळ चालू होती. कुशाबाई मोरीत बसली, पदर खोचला आणि पहिला हात घातला तो लाल ठिपक्याच्या नळाला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यो चालत न्हाई व्हय बाई?"

मी म्हटले, बिघडलाय. मीच दुरुस्त करते आहे.