फेरी आमच्या दारी येणारच

२९ मार्च, झावळ्यांचा रवि.
चर्चला गेले नाही. पाळकसाहेबांनी झावळी घरी पाठवली, ती दाराला खोचली. भा.ने बघितली आणि भिंतीकडे तोंड केलं. फेब्रु.त धंतोलीच्या दवाखान्यात कॅन्सरचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढलं. तीस वर्षं ईस्टरच्या पहाटे घरोघर जाणाऱ्या चर्चच्या फेरीच्या पुढे ढोलकी वाजवत, गात गेलेला माझा नवरा भा. आता पाटीवर लिहून बोलतो. आज लिहिलं, "ढोलकी कुणाला तरी दे." मी पाटी पुसली. कपाटावरच राहील ती.

१ एप्रिल, बुध.
चर्चचे सेक्रेटरी सॅमभाऊ, त्यांचा फोन. "वहिनी, यंदा फेरी तुमच्याकडे नाही येऊन राहिली. दादाले त्रास नको."
"काहून? दादा गेले का?"
म्हणाले, दादांनीच मेसेज केला होता.
माझं डोकंच फिरलं. पाटी भा.च्या समोर धरली. त्याने लिहिलं, "मला ऐकवणार नाही."
"तर कानात कापूस घाला. घर माझं बी हाय."
सॅमभाऊंना उलट फोन केला. फेरी येणार, शेवटचा चहा दरवर्षीसारखा आमच्याकडेच.
"दादा रागावतील वं वहिनी."
"रागावू द्या. तेवढं तरी करतील."

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार
उपास. तीन तासांची उपासना मोबाइलवर लावली. देवाने मला का सोडलं, असं प्रभू क्रुसावरून विचारतो त्या चौथ्या वचनाला भा.ने खाटेवर हात आपटला. पाटीवर एकच शब्द, "हेच." मी म्हटलं, मग विचारा की, त्याने विचारलं तर तुम्हाला कोणी अडवलंय? माझाही राग आहे देवावर. पण रागावून बोलणं तोडायला मी काही त्याची जाऊबाई नाही.
भा. हसला का? नीट दिसलं नाही.

५ एप्रिल, ईस्टर
पहाटे फेरीतले लोक आले. दारात इतके हळू गायला लागले, जसं काही घरात मयत आहे. ढोलकी नाही, टाळ्या नाहीत. मला सहन होईना. स्टुलावर चढून ढोलकी काढली आणि गळ्यात घालून बडवायला लागले. जन्मात कधी वाजवली नाही. गाणं एकीकडे, मी एकीकडे. सगळे बावरले.
तेवढ्यात आतून ठक, ठक. भा. खाटेच्या लोखंडी दांडीवर चमचा मारत होता. बरोबर ठेका. माझा चुकीचा ताल त्याच्याने ऐकवेना.
मी तशीच आत गेले, ढोलकी त्याच्या मांडीवर ठेवली. माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं फेकतोय. मग कड्या ओढून दोरी ताणली, दोन थापा मारल्या. तेवढंच. बाहेरून "प्रभू उठला आहे" आलं, त्याचं उत्तर दरवर्षी भा. द्यायचा. यंदा मी दिलं, "खरोखर उठला आहे", गल्ली जागी होईल इतकं मोठ्याने. रडू आलं. येऊ दे.

६ एप्रिल, सोम.
गुरुवारी धंतोलीला तपासणी, आजार परत आलाय का ते कळेल. भा. प्रार्थनेला अजून डोळे मिटत नाही.
ढोलकी वर ठेवायला गेले, तर त्याने तिच्यावर हात ठेवला.
"मग मले शिकवा."
लिहिलं, "गुरुवार होऊ दे."
मी पदराने पुसलं आणि खाली मीच लिहिलं, "आज."
मघापासून खडू हातात घेऊन बसलाय.