दाताला कानस

शिरूर, ता. ९ फेब्रुवारी १९६४

प्रिय तुळजा,

तुझ्या प्रबंधाचं पहिलं पान पोचलं. काही चुकलं असेल तर छापण्याआधी कळवा, असं तू लिहिलंस. मी मात्र आठ दिवस ते बंडीच्या खिशात घालून गुरांच्या बाजारात मिरवतोय. 'बैलाचा दात वाचायला शिकवणाऱ्या आणि दाताला कधीही कानस न लावणाऱ्या माझ्या आप्पांना.' चौथी पास दलालाला आणखी काय पाहिजे? तुझ्या आईने पान देव्हाऱ्यात ठेवायला मागितलं, मी दिलं नाही.

पोरीला बाजारात कशाला आणता, असं लोक म्हणायचे. मी ऐकलं नाही, हे एक मी बरं केलं. भीमाकाठचा रेताड चारा खाल्लेला बैल कुठला आणि कडब्यावरचा कुठला, हे तू नऊ वर्षांची असताना दातांवरून सांगायचीस. आता मद्रासकडच्या खडकात सापडलेले, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या त्या सुसरीसारख्या जनावराचे दात बघून म्हणतेस, ते नुसते मासे गिळत नव्हतं, शिंपले फोडून खात होतं. तुझे सर म्हणाले, मेल्यावर वाळूत लोळून झिजले असतील. तू म्हणालीस, लोळलेला दात चहूबाजूंनी गुळगुळीत होतो. हे दात फक्त टोकाला, चावताना जोर पडतो तिथेच झिजलेत. सरांनी मानलं. हे वाचून मी गोठ्यात जाऊन एकटाच हसलो. गर्व झाला म्हणशील, तर झालाच.

घासलेला दात आणि खाऊन झिजलेला दात यातला फरक मीच शिकवला, असंही तू लिहिलंस. मला तो कसा कळला, हे कधी विचारलं नाहीस. तू मॅट्रिकला होतीस त्या साली मी एका म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीने घासले आणि सहा वर्षांचा म्हणून खुटबावच्या मीरासाहेबांना विकला. त्यांनी तोंड उघडून पाहिलं, माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि दावं हातात घेतलं. पहिल्याच नांगरणीला बैल बसला. आपलंच नशीब, असं ते म्हणाले.

काल बाजारात त्यांनीच तुझं पान मोठ्याने वाचून चारचौघांना ऐकवलं. मग मला राहवेना. त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी पान घडी करून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "सोपानराव, मला सांगितलं ते ठीक हाय. पोरीला सांगितलं का?"

म्हणून हे पत्र. कानशीची ती अर्धी ओळ खोडून टाक. उरलेल्या ओळीत मला ठेवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
आप्पा