धोक्याच्या बाजूनं

९ जानेवारी, गुरुवार

अनुपमा मॅडमवर माझा विश्वास नाही. लिहूनच ठेवते. कॉलेजात नवीन आल्यात, दौंडात खोली घेऊन एकट्या राहतात, आणि दर गुरुवारी तास सुटला की मुलींना थांबवून घेतात. आज विचारत होत्या – घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? हे कशाला हवं यांना? आमची आई शेवटी जेवते. तिला तसं कुणी सांगितलेलं नाही.

पूनम मात्र वहीत उतरवून घेत होती. एका बाकावर बसतो, पण आजकाल तिचंही मला कळत नाही. मी म्हणाले, "हे स्त्रीवादवाले आधी असंच गोड विचारतात. मग घरं फोडतात." ती म्हणाली, "कुणाचं फुटलं, एक सांग." एकही आठवलं नाही. पण म्हणून ते खोटं ठरतं का?

१३ जानेवारी, सोमवार

शुक्रवारी वादविवाद स्पर्धा. विषय – स्त्रीवाद : गरज की धोका? मी धोका घेतलं. पूनम समोरच्या बाजूनं. आप्पांना सांगितलं तर खूश. "ठणकावून बोल. राहू गावची पोरगी हायेस." वडील असावेत तर असे.

१७ जानेवारी, शुक्रवार

पहिला नंबर!

"मला मोबाइल आप्पांनी घेऊन दिला. कॉलेजला आप्पांनीच पाठवलं. बाप पोरीचं वाईट कधी बघत नाही. अशा बापाशी भांडायला कुणी शिकवत असेल, तर आधी त्या बाईचा हेतू तपासा." – असं म्हणून सरळ मॅडमकडं बघितलं. टाळ्याच टाळ्या. पूनम आकडेवारी सांगत बसली, कोण ऐकतंय.

मॅडम परीक्षक होत्या. एकच विचारलं, "पाठवलं म्हणालीस. नसतं पाठवलं तर?"

मी म्हणाले, "माझे आप्पा तसे नाहीत." पुन्हा टाळ्या.

तरी पहिला नंबर त्यांनीच दिला. का दिला? मला आपल्याकडं ओढायचा डाव असणार.

१९ जानेवारी, रविवार

चुलतभावानं, सत्यजीतनं, भाषणाचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. भांडगावच्या मामांचा फोन. "अशा पोरी पायजेत."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तू बोललीस, तसं तुला खरंच वाटतं का गं?" मी म्हणाले, व्हय. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. तिचे कान कुणी भरले? मॅडमची आणि तिची तर गाठही नाही.

२५ जानेवारी, शनिवार

केंदूरचं स्थळ आलंय. व्हिडिओ बघूनच. मुलगा विश्वजीत, कंपनीत सुपरवायझर, घरची बागायत. मी म्हणाले, कॉलेजचं अजून दीड वर्ष राहिलंय.

आप्पा हसले. "बाप वाईट बघत न्हाई, तूच म्हणलीस न्हवं? सगळ्या तालुक्यानं ऐकलंय."

मी गेल्यावर फोनवर बोलायला लागतात, मी आले की थांबतात. आधीच काहीतरी ठरलंय.

२ फेब्रुवारी, रविवार

पाहुणे येऊन गेले. मुलाचे वडील, हौशीराम मामा, चहा घेता घेता म्हणाले, "पोरी, त्ये भाषण म्हणून दाखव की." उभी राहिले. सगळं पाठ होतं. "कॉलेजला आप्पांनीच पाठवलं" इथपर्यंत आले आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेना. सगळ्यांना वाटलं, लाजले. विश्वजीत मोबाइलवर शूटिंग घेत होता.

त्याची धाकटी बहीण, ज्ञानेश्वरी, सोबत आली होती. अठराची असेल. सारखी माझ्याकडं बघत होती. कितव्या वर्षाला आहेस विचारलं तर उठून गेली. निघताना मात्र हळूच माझा नंबर मागितला. काय बिनसलंय हिचं? तिला मी त्यांच्या घरात नकोय बहुतेक.

३ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी ज्ञानेश्वरीचा फोन आला. तिचं कॉलेज बंद केलंय. दहा दिवस झाले. "दादानं तुमचा व्हिडिओ घरात सगळ्यांना दाखवला. तवापासून म्हणत्यात, बघ, शिकलेली असून कशी बापाच्या शब्दात हाय. तू कशाला हट्ट करती? ताई, मी न्हाई भांडत तुमच्याशी. फक्त सांगितलं."

तिच्याकडून हौशीराम मामांचा नंबर घेतला. आप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांच्यासमोरच लावला.

"मामा, मी राहूची स्वप्नाली. भाषणात मी चुकीचं बोलले. ज्ञानेश्वरीला परत कॉलेजला जाऊ द्या. आणि मलाही माझं कॉलेज पुरं करायचंय, त्याआधी लग्न करणार नाही."

आप्पांनी पेपर खाली ठेवला. तिकडून मामा म्हणाले, "फोन आप्पांकडं दे." मी फोन कानाला धरून उभीच राहिले.