खोट्या हाका

ती. ताईस धाकटीचा नमस्कार. (वाकून केला. बघायला कोणी नव्हतं, तरी केला.)

तुझे गुडघे कसे आहेत? रात्रपाळीत मधे बसायला मिळतं ना? इस्पितळाची नोकरी कायम होतेय, घेऊ का, असं विचारलंस. जरूर घे. अशी संधी पुन्हा दार ठोठावत नाही. माझी काळजी नको. घरात शांतता आहे, काम झपाट्याने होतं.

मी दिवसभर करते तरी काय, असं तू नेहमी विचारायचीस. ऐक. कॉम्प्युटर कामात गर्क असतो, तेवढ्यात कोणी कळ दाबतं, कोणी वायर जोडतं. मग त्याने हातातलं काम जिथल्या तिथे ठेवायचं, 'ओ' द्यायची, ती गरज भागवायची आणि पुन्हा नेमकं तिथूनच पुढे सुरू करायचं. त्या हाकेला आम्ही इंटरप्ट म्हणतो. आमचं नवं मशीन अजून कारखान्यातून यायचंय, पण त्याच्या पोटातला प्रोग्रॅम तयार आहे. त्याला खोट्या हाका मारून पारखायचं, हे माझं काम. कळ कोणी दाबत नाही, पण त्याला वाटलं पाहिजे की दाबली. (हसू नकोस, पगार याचाच मिळतो.)

माझ्या हाका फार सभ्य निघाल्या. एक संपली की दुसरी, तीही तो रिकामा बसलेला बघून. अर्थातच पठ्ठ्या दर वेळी पास. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, घरात कुणी असं वेळ बघून हाक मारतं का?" आणि मला तू आठवलीस. मग सगळ्या हाका तुझ्यावरून बेतल्या. हातात तापलेलं भांडं असताना एक. तिला ओ देतेय तोवर दुसरी. धावत जावं तर, "काही नाही गं, सहज." (हाही प्रकार खरा असतो. हाक येते आणि पलीकडे कोणाला काहीच नको असतं.) त्या चाचणीचं नावच 'ताई' ठेवलं. प्रोग्रॅम पहिल्याच फेरीत गारद. एक काम नीट उरकावं म्हणून त्याने कान बंद केले होते, ते उघडायलाच विसरला. बसला ठोंब्यासारखा.

आता ऑफिसभर तुझा दरारा आहे. 'ताईपुढे टिकला का?' हे विचारल्याशिवाय पान हलत नाही. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ तर तुला न बघताच टरकून असतात.

आज तो टिकला. तुझी एकही हाक त्याने वाया जाऊ दिली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला रडू फुटलं. आनंदाचं असेल असं समजून बाईंनी मला लवकर घरी पाठवलं. कुलूप काढलं, चपला काढल्या, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मी 'ओ' म्हणाले. कोणी हाक मारली नव्हती. ताई, मला तुझी फार आठवण येते.

गुडघ्यांना जप.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझी खोली भाड्याने द्यावी, असं तू सुचवलंस. एक बाई बघून गेल्या. फार शांत वाटल्या, म्हणून नाही म्हटलं.

आणखी एक ता. क. वर 'जरूर घे' लिहिलंय ते खोडणार होते. पण मोठ्यांना खाडाखोडीचं पत्र पाठवू नये, हे तूच शिकवलंस. म्हणून इथे खाली लिहिते. घेऊ नकोस.