सेबलची कातडी, निळा डबा

३ मार्च, सोमवार
डाव्या डोळ्यात इंजेक्शन. डोळ्यात सुई, ऐकायला भयंकर. प्रत्यक्षात दोन क्षण. नर्सने हात धरला. नको म्हटलं नाही. बाहुली मोठी करतात, मग उजेड सोसत नाही. एकटीने मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनने परत येणं अशक्य. शेजारची मोरीन गाडीने नेते-आणते, मधला वेळ पार्किंगमध्ये बसून राहते. घरी येताच तिला चिवडा दिला, निळ्या डब्यातून. कोणाचं काही अंगावर ठेवायचं नाही.
वाचन बंद. सायबेरियाचं पुस्तक कानाने चालू.

५ मार्च
मराठी मंडळाच्या ज्येष्ठांपुढे २२ला बोलायचंय. विषय मीच मागून घेतला. पुण्यात एम.ए.ला सरांनी सायबेरिया एका वाक्यात उरकला होता. "रशियाचा पूर्वेकडे विस्तार झाला." पुढचा धडा. झाला म्हणजे? कोणाच्या घरादारावरून? तेव्हा विचारायचं राहिलं. आता, या डोळ्यांनी, हॅरोत बसून विचारतेय. वेळ मिळाला हेच खूप.

८ मार्च
मो. डबा घेऊन आली. आत शॉर्टब्रेड. म्हणजे तिलाही रीत कळते! आपल्याकडून रिकामा कसा जाईल? बेसनाचे लाडू.

१२ मार्च
डबा आला. लेमन केक. लगेच चकल्या करून पाठवल्या. मो. दारात मनगट चोळत उभी. नेहमीसारखी हसली नाही.

१५ मार्च
मो. म्हणाली, ३१च्या इंजेक्शनला न्यायला जमेलसं वाटत नाही, हॉस्पिटलची गाडी मिळते ना? कारण नाही. मीही विचारलं नाही. हॉस्पि.ला फोन केला. त्या दिवशीची गाडी नाही. टॅक्सी चालणार नाही, सोबत कोणी हवंच. आणि इंजेक्शन चुकवायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय. गेलेली नजर परत येत नाही.
रात्री समीरचा फोन, लेस्टरहून.
"आई, मी रजा टाकतो."
"एका सुईसाठी? काही नको."
"तू ना, कोणाचं काही घेतच नाहीस."
"तू आधी फ्रीजरमधल्या पोळ्या घेऊन जा."
हसला. पोरगा चांगला आहे. तरी मो.चं काय बिनसलं, तेच डोक्यात.

१८ मार्च
आज ऐकलेलं, विसरू नये म्हणून. कॉसॅक, म्हणजे झारचे लढवय्ये, नद्यांवरून पुढे सरकत, संगमावर लाकडी गढी उभारत. आसपासच्या शिकाऱ्यांनी तिथे सेबलची कातडी आणायची. सेबल म्हणजे मुंगसाएवढा प्राणी, त्याच्या फरसाठी अर्धं आशिया खंड तुडवलं. कातडी दिली की गढीवाले मणी, पीठ, तांब्याचं भांडं देत. शिकाऱ्यांना वाटे, देवाणघेवाण चाललीय. झारच्या लेखी ती खंडणी, आणि हे लोक प्रजा. दोघं समोरासमोर उभे, एकाच कातडीला हात लावून, आणि…
खंडणी थांबू नये म्हणून टोळीतला माणूस गढीत ओलीस ठेवत.
जाड मार्करने लिहितेय. ओळी खाली घसरतात.

२२ मार्च, शनिवार
बोलले. कागद नाही, सगळं मनातून. लोक खोकलेसुद्धा बेतानेच. नंतर पहिला प्रश्न: "ट्रान्स-सायबेरियनची टूर कुठली चांगली?" हसू आवरलं. मग मागून करंदीकर उठले, काठी टेकत.
"बाई, पण त्या शिकाऱ्यांना मणी मिळत होतेच की. मग भेट कुठली आणि खंडणी कुठली, ओळखायचं कसं?"
"ज्याला नाही म्हणता येतं, ती भेट." बोलून गेले. आणि थांबले. सगळ्यांना वाटलं, भाषण संपलं. टाळ्या.
मला मो.चं मनगट दिसत होतं.

२३ मार्च
सकाळी तिच्याकडे. डबा तिच्या ओट्यावर, अर्धा भरलेला, शेजारी मैदा सांडलेला.
"काय करतेस?"
"स्कोन्स. चकल्यांच्या बदल्यात." मनगटाला पट्टा. संधिवात बळावलाय. केक फेटायला हात उचलत नाही, रिकामा डबा द्यायची लाज वाटते, म्हणून गाडीच नको असं ठरवलं बाईंनी!
"आय थॉट यू वर पेइंग मी, लव्ह." प्रत्येक फेरीचं भाडं मी तयार ठेवते असं तिला वाटलं. आवडलं नव्हतं. पण बोलणार कशी?
आणि लाडू? तिला डायबेटिस. सगळे खिडक्या पुसणाऱ्याला. "ही सेज दे आर स्मॅशिंग." म्हणजे झकास.
मी आमची डब्याची रीत सांगितली. रिकामा देत नाहीत. ती डोक्याला हात लावून बसली. मग दोघी हसलो, चांगल्या डोळ्यातून पाणी येईपर्यंत.
जिम, तिचा नवरा, गेल्यापासून सोमवारची ती फेरी तिला आवडते म्हणाली. पार्किंगमध्ये रेडिओ ऐकते, कोणी हाका मारत नाही. मला हे कधी सुचलंच नाही, की मलाही कोणी आवडीने नेत असेल.
३१ला न्यायला तयार, पण अट एकच घातली तिने. काही आणायचं नाही.

३० मार्च, पाडवा
घड्याळं एक तास पुढे. खिडकीत छोटी गुढी. समीर येऊन गेला, पोळ्या नेल्या. श्रीखंड केलं, वाटी काढली, मो.साठी. परत ठेवली. फार अवघड.
फ्रीजवर डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद आहे, रोज एक डोळा झाकून बघायचा. आज मधली रेष वाकडीच. की जरा कमी? सांगता येत नाही.
उद्या साडेनऊला मो. हॉर्न देईल. रिकाम्या हाताने गाडीत बसायचं आणि नुसतं थँक यू म्हणायचं. आरशासमोर म्हणून पाहिलं. रागावल्यासारखं येतंय.
निळा डबा तिच्याकडेच आहे. मागितलेला नाही.