सायकसबाई

४ मार्च

बरेच दिवस वही उघडली नाही. पेन सापडत नव्हतं, हे कारण पहिल्या दिवशी खरं होतं. नंतर नाही. लिहायला बसलं की 'पुढे काय?' हा प्रश्न समोर येतो, आणि तो विचारायला ताई आहेच. रोज विचारते, चहाबरोबर.

तिच्याच हॉलमधल्या कोचावर मुक्काम आहे. अट एकच – ती कामावर निघाली की मीही बाहेर. "दिवसभर लोळलास तर मुळं फुटतील तुला इथे!" म्हणून भटकतो. आज पाय बोलायला लागले, तेव्हा वनस्पती उद्यानात शिरलो. झाडं बघायला नव्हे, बाक बघून. आडवा झालो आणि डोळा लागला. जाग आली ती तोंडावर पाणी पडल्यावर. समोर पाइप धरलेला म्हातारा माळी.

"तुमची पाटी कुठाय?"

"कसली पाटी?"

"इथे मुक्कामाला असेल त्याला पाटी लागते. नाव, गाव, उपयोग."

उपयोग म्हटल्यावर मी बाकावरून उठलोच.

५ मार्च

पुन्हा तिथेच. त्या माळ्याला सगळे मामा म्हणतात, मीही म्हणायला लागलो. त्यांच्या मागे पाइप ओढत फिरलो. तळ्यात एक बदक दुसऱ्या बदकावर इतकं खेकसत होतं की मी तिथेच उभा राहिलो, नवरा-बायको असणार. मामा पुढे निघून गेले आणि पाइप माझ्या पायाखाली! शिव्या खाल्ल्या. हां, सांगायचं ते वेगळंच.

काचघराच्या मागे एक सायकस आहे. ताडासारखा दिसतो, पण बुटका. पानं करवतीसारखी. मधोमध शाल गुंडाळलेल्या कोबीसारखा तपकिरी, लवदार गड्डा.

"ही मादी," मामा म्हणाले. "आम्ही बाईच म्हणतो. सायकसांत नर वेगळा, मादी वेगळी. बाजारात मिळतो तो सायकस निराळा, या जातीचा नर कुठल्याच बागेत सापडला नाही. गड्डा असा सैल झाला की नराचे पराग लागतात. नाही मिळाले की मिटते. माझ्या डोळ्यांदेखत दोनदा मिटली."

"मग?"

"मग काय? मी या पावसाळ्यानंतर रिटायर. तिसऱ्यांदा बघायचंय का, ते तिलाच ठाऊक."

आणि मला एकदम आठवलं. अशीच पानं! मधे मात्र कोबी नव्हे, हातभर कणीस. उग्र वास. गावी, बाबा नोकरीला आहेत त्या पंपहाउसच्या आवारात!

"मामा, नर मी पाहिलाय."

"तुम्ही झोपेत बरंच बघता."

मी पँट वर करून पोटरीवरचा वण दाखवला. लहानपणी ते कणीस तोडायला गेलो होतो, देठाच्या काट्यांनी फाडली. मामांनी वण बघितला, मग बाईचे काटे बघितले. "एवढा पुरावा पुरे," म्हणाले. "करा फोन."

करा फोन! त्यांना काय जातंय.

६ मार्च

फोन केला नाही. बाबांनी साहेबांकडे शब्द टाकून मला पंपहाउसवर चिकटवलं होतं. महिना भरायच्या आत मी कुणाला न सांगता चालू पडलो. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. रागावलेल्या माणसाला निदान उत्तर देता येतं.

ताई म्हणाली, "झाडासाठी तरी कर."

७ मार्च

केला. उचलला बाबांनीच! मी म्हटलं, "हॅलो, मी." पलीकडे खोकला. मग लांबून – "अगं, घे."

आईला सगळं समजावलं. तिला वाटलं मला झाडाचं लग्न लावायची नोकरी लागली. मग तिनं तिथूनच विचारलं, "अहो, ते कणीस आलंय का यंदा?"

पलीकडे पुन्हा खोकला. मग – "आलंय."

एकच शब्द. तोही मला नव्हता. तरी बागेत जाताना त्याच तंद्रीत बसनं दोन स्टॉप पुढे गेलो.

१० मार्च

आईनं बस ड्रायव्हरच्या हाती डबा पाठवला. मी आणि मामा उघडायला बसलो. डब्यात ओलं फडकं, त्यात कणसाचे तुकडे, चिकट, काळी बुरशी धरलेले. आई हिरवं म्हणून जे काही असेल ते ओल्या फडक्यातच बांधते. भाजी असो नाहीतर पराग! सुकू नये म्हणून वर पाण्याचा हबकाही मारला होता म्हणे.

मामा बघत राहिले. "आईनं मायेनं पाठवलंय," एवढंच म्हणाले आणि पाइप घेऊन गेले. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

आईला पुन्हा फोन. पराग कोरडे लागतात. कागदावर झटकून घ्यायचे. पाणी नको, ऊन नको, डब्यात कोंबायचे नाहीत, उबतात. कुणीतरी हातात धरून आणायला हवेत.

"कोण आणणार रे? मला तर गाडी लागते."

"बाबा..."

मागून खोकला. मी म्हटलं, "राहू दे."

११ मार्च

माझ्या ट्रकवाल्या दोस्ताचा, चाक्याचा फोन. त्याचा ट्रक उद्या समुद्राकडे निघतोय, केबिनमध्ये जागा आहे. असा फोन आला की माझी पिशवी आपोआप भरते. आज नाही भरली. नाही म्हणालो! चाक्यानं विचारलं, "कोण आहे ती?"

म्हटलं, आहे एक बाई.

१२ मार्च

गड्डा मिटायला लागलाय. मामा म्हणतात एखादा दिवस, फार तर. बाईच्या शेजारी बसून दोघांनी डबा खाल्ला. त्यांच्या बायकोनं माझ्यासाठीही भरून दिला होता. मी कोण, हे तिला काय सांगितलं असेल?

मी तरी स्वतः जायला हवं होतं. काल रात्रीची गाडी होती. स्टँडपर्यंत गेलोही, फलाटावर बसलो. बाबा दार उघडतील आणि "अगं, बघ कोण आलंय" म्हणून आत जातील – हेच डोळ्यांपुढे. गाडी गेली.

१३ मार्च, सकाळ

मामांच्या खोपटात बसून लिहितोय, गेटपर्यंत जायचं सोडून.

गेटवरचा वॉचमन आत्ताच सांगून गेला – एक गृहस्थ आलेत, तिकीट काढायला तयार नाहीत. "बाग बघायला आलो नाही, कामावर आलोय," म्हणतात. हातात चष्म्याचं घर. चष्मा आत नाही, डोळ्यांवरही नाही; आत कागदात पिवळी पूड आहे, आणि उघडून बघू देत नाहीत. वारा लागेल म्हणतात.

चष्म्याशिवाय बाबांना बसची पाटीसुद्धा वाचता येत नाही.

मामा पराग लावायला ब्रश शोधतायत. ओरडले, "अरे, जा की! आत आण त्यांना!"