पायवाटेच्या कडेचा चिनी गुलाब

२ मार्च

चि. छोटूस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या भावजींची नजर आता परत येणार नाही, डॉक्टरांनी अखेर हात टेकले. जन्मभर बस चालवलेला माणूस आता खाटेवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खाटेवर. परवा एकटेच फाटकाकडे निघाले, पायवाट सुटली आणि तोंडावर आपटले. तेव्हापासून उंबरठा ओलांडत नाहीत. मी शिवणाच्या दुकानात गेले की दिवसभर एकटे. म्हणतात, मला आता कुठं जायचंय? तू रोपवाटिकेतला. पायवाटेच्या दुतर्फा धरून चालता येतील अशी झुडपं सुचव.

जिवाला जप.
तुझी ताई

१० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झुडपं नकोत. ती ओरबाडतील आणि वाढायलाही वेळ घेतील. ओल्या फडक्यात गुंडाळून चिनी गुलाबाच्या काड्या पाठवतोय. हा उंच जात नाही, जमिनीला धरून पसरतो. भावजींनी अनवाणी चालावं. पायाखाली टणक असेल तोवर वाट बरोबर. मऊ लागलं की समजायचं, गाडी रस्ता सोडतेय! बोटभर काडी उन्हात खोचायची. माती सुकल्याशिवाय पाणी नाही. तुझा हात सढळ, म्हणून बजावतो.

आणि काड्या त्यांनाच लावू दे. रागावतील. रागावू देत.

तुझ्या मायेचा हक्कदार,
छोटू

२ एप्रिल

चि. छोटूस,
आशीर्वाद.

रागावलेच! म्हणाले, तुझा भाऊ आंधळ्याची थट्टा करतो. मी पुडकं पायरीवर ठेवून कामाला गेले. परतले तर हे मातीत फतकल मारून बसलेले, वीत टाकून काड्या खोचताहेत. काही उलट्याच खोचल्या होत्या. मी तशाच राहू दिल्या. दुसऱ्या दिवशी चाचपताना त्यांनाच कळलं, आणि स्वतःशीच हसले. किती दिवसांनी ऐकलं ते हसू! आता रोज सकाळी सरकत सरकत एकेक काडी हलकेच ओढून बघतात आणि मला ओरडून सांगतात, हिने मूळ धरलं.

तुझी ताई

६ जून

चि. छोटूस,
पोटभर आशीर्वाद.

दोन्ही कडा गच्च भरल्या. ऊन चढलं की फुलं उमलतात, मधमाश्या येतात, तेवढ्यावरून ह्यांना कळतं. मग रंग विचारतात आणि मी सांगते.

काल दोन्ही हातांत कापडाचे गठ्ठे घेऊन आले. कोपरानं फाटक ढकलणार, तर ते आतूनच उघडलं. हे उभे! एकटे, अनवाणी. माझी पावलं कोपऱ्यावरच ओळखली म्हणे. एक गठ्ठा काढून घेतला आणि म्हणाले, माझ्यामागून ये. छोटू, मी त्यांच्यामागून चालले.

तुझे उपकार म्हटले तर तू भांडशील, म्हणून ह्यांचा निरोप तेवढा कळवते. म्हणाले, त्याला लिही, सुट्टी काढून ये. बाहेरून नुसती हाक मार. फाटक मी उघडीन.

माया आहे, ती अशीच असू दे.
तुझी ताई